गव्हाचे ऋण, गवताचा आळ

पावसाळा सरत आला म्हणजे पौड रस्त्याच्या दोन्ही कडांना, भातखाचरांच्या बांधांवर आणि विक्रीसाठी ओसाड टाकलेल्या भूखंडांवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक झुडूप माजते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. उपटणाऱ्याच्या हातांना खाज सुटते, कित्येकांचा दमा उफाळतो. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी. मुळशी तालुक्यातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला विचारावे की, हे आले कोठून? उत्तर बहुधा ठरलेले असते : अमेरिकेच्या गव्हातून. गृहस्थ थोडा बोलका असला, तर अमेरिकेने ते मुद्दामच धाडले, अशी पुस्तीही जोडतो.

या उत्तराचा विचार करावा, असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. एका बलाढ्य राष्ट्राविषयी सामान्य माणसाच्या मनात जे साठून राहिले आहे, ते त्या एका वाक्यात उतरले आहे. त्यांनी आम्हांला खाऊ घातले आणि त्याच घासातून विषही दिले, असा त्याचा आशय. यांतील पहिले विधान खरे आहे. दुसऱ्याची चौकशी केली पाहिजे.

या वनस्पतीची पुण्यातील ठळक नोंद १९५५ च्या सुमाराची आहे. शहरातील उकिरड्यांवर काही रोपे आढळली आणि १९५६ साली ती नोंद प्रसिद्ध झाली. 'पी. एल. ४८०' या नावाने आपल्याकडे ठाऊक झालेला अमेरिकन कायदा १९५४ सालचा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजी. म्हणजे गवत आधी आणि करार मागाहून. १९५१ साली अमेरिकेने आपल्याला कर्जाऊ धान्य दिले होते, त्यातून बी आले असणे अशक्य नाही. काही अभ्यासक तर एकोणिसाव्या शतकातील नोंदींकडे बोट दाखवितात. पुढच्या गव्हाबरोबर आणखी बी येऊन फैलावास हातभार लागला असेल, हेही मानता येईल. परंतु 'मुद्दाम धाडले' याला काडीचाही पुरावा नाही. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. शेजारी श्रीमंत आहे, उद्दाम आहे, म्हणून त्या आज्ञेतून सूट मिळते, असे धर्मशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचलेले नाही.

मग असा आळ साठ-सत्तर वर्षे टिकतो कसा? आमच्या मते त्याचे मूळ गवतात नसून गव्हात आहे. उपकाराचे ओझे दुःसह झाले की माणूस उपकारकर्त्याचा एखादा गुन्हा शोधू लागतो. तो सापडला म्हणजे हिशेब फिटल्यासारखे वाटते.

आपल्या धर्मग्रामांतील ज्येष्ठांना तो काळ वेगळा सांगावा लागणार नाही. अमेरिकेतील महागुरूंनी युद्धग्रस्तांच्या साहाय्यासाठी १९४३ साली स्थापन केलेली आणि पुढे 'कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस' या नावाने ओळखली गेलेली संस्था १९४६ पासून भारतात काम करू लागली. दुधाची पावडर, बल्गर म्हणजे उकडून भरडलेला गहू, तेल हे सारे अनेक ठिकाणी चर्चच्या आवारातून वाटले जाई. पोत्यांवर व डब्यांवर हातात हात घेतलेले चित्र आणि ही अमेरिकन जनतेची भेट आहे, विकू नये, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असे. धान्य संपले तरी पोती आणि डबे घरात वर्षानुवर्षे वावरत. कोणाचे पाणी त्या डब्यात तापे, कोणाचा मोगरा त्यात फुले. त्या रांगांपायी आपल्या समाजाला टोमणेही पुष्कळ ऐकावे लागले. वसईतील चारशे वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्यांचे श्रेय विसाव्या शतकातील दुधाच्या पावडरीला देणारे विद्वान आम्हांलाही भेटलेले आहेत! त्यांच्याशी वाद घालण्यात आम्ही कधी वेळ दवडला नाही.

परंतु ज्या हातांनी ते धान्य वाटले, ते आमच्यासारख्याच धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे हात होते. ते धान्य कोणाचे होते, कोणत्या हेतूने आले होते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला परका नाही.

अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी त्या कायद्यावर सही केली, तेव्हा अमेरिकेची कोठारे न विकलेल्या धान्याने ओसंडत होती. शेतकऱ्यांना भाव द्यावयाचा तर ते धान्य कोठेतरी गेले पाहिजे होते. नव्या बाजारपेठा तयार होणे आणि परराष्ट्र धोरणाला साहाय्य होणे हेही हेतू कायद्यातच लिहिलेले होते, लपविलेले नव्हते. भारताकडे आलेला बहुतेक गहू धर्मादाय नव्हता. तो आपण रुपयांत विकत घेतला. मुंबईचे नेते आणि तेव्हाचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी मे १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे केलेला करार चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्याचा होता. आपण दिलेले रुपये येथेच अमेरिकेच्या खात्यात साचत गेले. ते इतके वाढले की त्यांचे करावयाचे काय, हा दोन्ही सरकारांना पेच पडला. अखेर १९७४ च्या फेब्रुवारीत राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन तो सोडविला. आपल्या धर्मग्रामांत आले ते दानाच्या दुसऱ्या, धाकट्या दारातून.

आता या कथेचा कडू भाग. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारमध्ये दुष्काळाने थैमान मांडले. १९६६ साली भारताने १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले आणि त्यातील बहुतांश अमेरिकेचे होते. नेमक्या याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार बंद करून थोडे थोडे, जवळजवळ महिन्याच्या बोलीने, स्वतःच्या संमतीने धान्य सोडण्याचे धोरण धरले. दावे आखूड करून जनावर खुंट्याशी ठेवावे, तशी ती रीत. तिचे इंग्रजी नावही त्याच अर्थाचे आहे. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो अयोग्य म्हणता येणार नाही. अन्नमंत्री सुब्रह्मण्यम यांनाही तेच हवे होते. परंतु दुसरा हेतू व्हिएतनामचा होता. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरील बाँबफेक थांबविण्याची मागणी करणाऱ्या संयुक्त निवेदनाला संमती दिली. वॉशिंग्टनची नाराजी जहाजांच्या वेळापत्रकात दिसू लागली. गयेच्या किंवा पलामूच्या एखाद्या खेड्यात रिकाम्या चुलीपुढे बसलेल्या बाईने व्हिएतनामचे नावही ऐकलेले नसेल. पण तिच्या भाकरीची किंमत तिच्या पंतप्रधानांच्या मौनात मागितली जात होती.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या वर्षी अमेरिकेने आपल्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा भारताकडे पाठविला. आखूड दाव्याने का होईना, गहू आला आणि लक्षावधी माणसे जगली. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेक्सिकोत सिद्ध केलेल्या गव्हाचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ साली आणले. त्या बियाण्याने पुढे परक्या गव्हाची गरजच संपविली. घेणाऱ्याला पुन्हा घ्यावे लागू नये, असे दान विरळा. तेही त्याच देशाच्या माणसाकडून आले.

मग आपण अमेरिकेचे काय देणे लागतो?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे कृतज्ञतेवरील विवेचन आम्ही वाचले होते. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा आधार घेऊन ते म्हणतात त्याचा आशय असा : जो केवळ स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्याला देतो, तो आपल्या गुरांना वैरण घालणाऱ्यासारखा आहे. परंतु ज्याच्या देण्यात त्याचाही लाभ आहे आणि माझाही, त्याचे उपकार मी मानले नाहीत तर मी कृतघ्न ठरेन. त्याचे हित साधले म्हणून माझे झालेले हित खोटे ठरत नाही. परीक्षेपुरते पाठ केलेले हे विवेचन पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकताना आम्हांला फार निराळे वाटू लागले. त्या दुष्काळात महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत अमेरिकेतील लाल मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीची चव आणि तो रंग त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेला नाही. अमेरिकेत ती प्रामुख्याने जनावरांना घालतात, हे कळल्यावर माणसांच्या मनाला जे लागले ते पोटाला लागलेल्या भुकेहून खोल होते. खडी फोडून दमलेला शेतकरी सेनेकाचे नावही न ऐकता सेनेकाचाच प्रश्न विचारीत होता : आम्हांला माणूस म्हणून दिले, की गुरू म्हणून घातले?

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत एक मोठी सोय करून ठेवली आहे. कृतज्ञ हा एक शब्द आणि मिंधा हा दुसरा. कृतज्ञ माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, पण त्याचा आवाज त्याच्यापाशी राहतो. मिंध्याचा आवाज गेलेला असतो. तो तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे आळ घेतो. गवताची कथा ही मिंधेपणाची कथा आहे. ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांनी, विशेषतः संत बेसिल आणि संत अँब्रोज यांनी, श्रीमंताच्या कोठारातील अतिरिक्त धान्यावर भुकेल्याचा हक्क सांगितला आहे. तो हक्क मानला तर शिलकीतून देणारा बऱ्याच अंशी न्यायच करीत असतो आणि घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण उरत नाही. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ च्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात, मदतीच्या मिषाने दुबळ्या राष्ट्रांवर राजकीय वर्चस्व गाजविणे हे वसाहतवादाचेच नवे रूप होय, असा इशारा दिला होता. जॉन्सन यांचे धोरण त्यानंतर चार वर्षांनी आले.

देणारा म्हणजे तरी कोण, हाही प्रश्न आहेच. देशाचे शासन आणि देशाची माणसे एकच मानण्याची चूक आपल्याकडे फार होते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरचे उदाहरण घ्या. तेथील महागुरू ऑस्कर रोमेरो यांनी १७ फेब्रुवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून, आमच्या सरकारला लष्करी साहाय्य देऊ नका, अशी विनवणी केली. २४ मार्च रोजी मिस्साबलिदान अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्याच वर्षी, २ डिसेंबर १९८० रोजी, तेथील गोरगरिबांत काम करणाऱ्या धर्मभगिनी इटा फोर्ड, मॉरा क्लार्क, डोरोथी कॅझल आणि प्रापंचिक सेविका जीन डोनोव्हन या चौघींवर तेथील राष्ट्रीय रक्षकदलाच्या सैनिकांनी अत्याचार करून त्यांची हत्या केली. चौघीही अमेरिकन होत्या. त्यांच्या देशाने थोडे दिवस मदत रोखली आणि जानेवारी १९८१ मध्ये त्याच सरकारला लष्करी साहाय्य पुन्हा सुरू केले. ज्या देशाने या चौघींना पाठविले, त्याच देशाने त्यांना मारणाऱ्यांच्या सरकारला पोसले. आता अमेरिका चांगली की वाईट, असे कोणी विचारले, तर आम्ही त्या चार नावांचा उच्चार करून गप्प राहतो. आपल्याजवळचेच उदाहरण हवे असेल तर १९७१ चे आहे. ढाक्यातील अमेरिकन वाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी पूर्व बंगालमधील कत्तलीविषयी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध नोंदविला आणि त्यांना ते पद सोडावे लागले. अध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरात युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडल्या.

हे सारे जुने झाले, असे म्हणता येत नाही. केनेडी यांनी १९६१ साली स्थापन केलेली अमेरिकेची परदेश-साहाय्य संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तेथून येत असे, त्यामुळे कित्येक देशांतील भुकेल्यांच्या रांगा अर्ध्यावर मोडल्या. अफगाणिस्तान व पाकिस्तानातील मुलांसाठी घेतलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटे दुबईच्या गोदामात पडून मुदतबाह्य झाली आणि नष्ट करावी लागली. सशर्त दानाविषयी आम्ही वर इतके कठोर लिहिले. दान थांबल्यावर काय होते, तेही डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. देण्याचे बंधन कोणावरही नव्हते, असे म्हणून या प्रकरणावर पडदा टाकणारे आपल्यातही आहेत. ज्याच्या औषधावर रोगी जगत आहे, त्याने ते एका रात्रीत काढून घ्यावे, हे साधे न देणे नव्हे.

आपल्या घराकडे वळू. मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी ही कालपरवापर्यंत शेतीची गावे. तेथील संगणक-नगरीत आज अमेरिकन कंपन्यांची कामे चालतात. रात्रपाळीच्या गाड्या अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे धावतात. आपल्या पुण्या-मुंबईकडच्या धर्मग्रामांत ज्याचा मुलगा, सून किंवा भाचा अमेरिकेत नाही, असे घर शोधावे लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये एका घोषणेने तेथील कामाच्या नव्या व्हिसा-अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क बसविले गेले. ऑगस्टमध्ये, रशियाचे तेल घेता म्हणून, भारतीय मालावरील जकात दुप्पट करून ५० टक्क्यांवर नेली होती. जहाजांच्या जागी जकात आणि व्हिएतनामच्या जागी तेल, रीत जुनीच. परंतु शुल्काहून एका लहान गोष्टीने आम्हांला अधिक अस्वस्थ केले. २०२५ मध्येच व्हिसा मागणाऱ्यांना, प्रथम विद्यार्थ्यांना आणि डिसेंबरपासून नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही, समाजमाध्यमांवरील आपली खाती अधिकाऱ्यांना पाहता यावीत म्हणून खुली ठेवण्यास सांगण्यात आले. मग आई मुलाला बजावते, बाळा, गाझाविषयी काही लिहू नकोस, कोणाचे काही पुढे पाठवू नकोस, तुझे काम होऊन जाऊ दे. त्या माउलीला दोष देण्याचे आमचे धाडस नाही. तिने कर्ज काढून त्याला शिकविले आहे. मात्र १९६६ साली जे एका पंतप्रधानांकडे मागितले गेले, ते आता एकेका स्वयंपाकघरात न मागता दिले जात आहे. ज्या मुलाने शिक्षणासाठी आपला आवाज गहाण टाकला, तो तेथे स्थिरावल्यावर तरी सोडवून घेईल काय? आम्हांला शंका आहे. गहाण पडलेल्या वस्तूची सवय सुटते.

आणि येथे मुळशीचे पाणी आपल्यालाच प्रश्न विचारते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो त्यांची भाताची खाचरे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून. सत्याग्रह मोडला, सुमारे पन्नास गावांना झळ पोहोचली आणि ते पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. त्या विजेवर गिरण्या चालल्या, घरे उजळली. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या त्या शहरात पोसल्या गेल्या. मुंबईच्या धर्मग्रामांत दिवा लावताना मुळशीच्या शेतकऱ्याची आठवण कोणाला झाली? दूरच्या बलवंताच्या सोयीसाठी जवळच्या दुबळ्याने गप्प बसावे, हे तत्त्व वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीच्या सीमेवरून पन्नास मालमोटारी निघाल्या. वीस वर्षांचे अमेरिकन युद्ध संपून अफगाणिस्तान उपासमारीच्या कडेवर आले होते. त्या देशाचे अमेरिकेत ठेवलेले सुमारे ७०० कोटी डॉलर अमेरिकेने गोठविले होते. भारताने ५०,००० टन गहू देऊ केला होता आणि त्यातील पहिला २,५०० टन त्या गाड्यांत होता. आपण आता देणारे झालो होतो. पोत्यांवर छापले होते की, ही भारतीय जनतेची अफगाण जनतेला भेट आहे. पुढे जूनमध्ये काबूलच्या दूतावासात भारताचे पथक पुन्हा दाखल झाले. गव्हात करुणा किती आणि दूतावास किती, याचा हिशेब दिल्लीत कोणी मांडला असेल तर असो. जलालाबादच्या किंवा काबूलच्या कोण्या घरात त्या गव्हाची भाकरी खाताना एखाद्या म्हाताऱ्याने भारताविषयी काही कडू पण खरे सांगितले असेल. ते त्याने मोकळेपणाने सांगावे. त्याने आपला गहू खाल्ला आहे, एवढेच.